पट्टेवाल्याचा तिसरा पुकारा

गंगापूरहून सकाळी नऊला काळीपिवळी (प्रवासी जीप) निघाली. मला वेरूळला जायचे होते. शेजारी वच्छलाबाई होत्या, सोबत भावकीतली आठ माणसे आणि मांडीवर धपाट्यांचा (ज्वारीच्या तिखट पातळ भाकरीचा) डबा.

"पोराचं नाटक हाय शहरात, उस्मानपुऱ्यात. कोर्टाचं, खुनाच्या खटल्याचं. दत्तूबिगर कोर्ट चालूच व्हत नाय."

"जज हाय का?" चालकाने विचारले.

"पट्टेवाला हाय. त्यानं पुकारा केल्याबिगर जजाम्होरं कोण येतं?" मग माझ्याकडे वळून, "तुमीबी चला. वेरूळ कुठं पळून चाललं?"

मी गेलो.

सभागृहात बजाजनगरच्या कामगारांची रंगीत तालीम सुरू होती. स्पर्धेचा प्रयोग तीन वाजता. दिग्दर्शक देशपांडे हे कारखान्यात फोरमन. त्यांच्या घड्याळात नाटक चार मिनिटे लांबत होते.

"दत्तू, पट्टेवाला कापतोय. पुकारा पडद्यामागून होईल."

दत्तूने दाराकडे पाहिले. आई आणि भावकी आत येत होती.

"सर, मी तिसरा पुकारा हळू करतो. कामून, विचारा ना."

"का?"

"साक्षीदार सुमन पट्टेवाल्याला आवडती. आत आली की वकील तिला उलटतपासणीत रडवणार. ऐकूच नाय गेलं तर वाचंल."

संहितेत यातले काहीही नव्हते. पण तर्काची लागण झाली. न्यायाधीश म्हणाले, "मी निकालाची घाई करतो, कारण घरी पुरण शिजलंय." वकील म्हणाला, "आन् मी तारीख मागतो, कारण कोटाचं बटण तुटलंय."

"एकदा करून दाखव," देशपांडे म्हणाले. "जमलं नाही, तर कापला."

पहिल्या पुकाऱ्याने छत हादरले. दुसरा बेताचा. तिसरा दत्तूने स्वतःलाच सांगितल्यासारखा केला. त्यावर सुमनचा प्रवेश होता. सुमन आलीच नाही; विंगेत धपाटे खाणाऱ्या नटीला तो खरोखरच ऐकू गेला नव्हता. देशपांडे हसत खाली बसले आणि त्यांनी वकिलाचे भाषण चार मिनिटांनी कापले.

"माझं? मी नायक आहे, सर!"

वच्छलाबाईंनी त्याच्या हातावर दोन धपाटे ठेवले.

तीन वाजता सभागृह भरले. तिसरा पुकारा जेमतेम तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. दुसऱ्या रांगेतल्या वच्छलाबाई ताडकन उठल्या.

"अरं, मोठ्यानं बोल की! पोरीला ऐकू नाय गेलं!"

दत्तू सावकाश वळला. आईकडे पाहून त्याने ओठांवर बोट ठेवले, नजरेने विनवणी केली. टाळ्या थांबेनात. सुमनला प्रवेशासाठी विंगेत ताटकळावे लागले.

परतीच्या जीपमध्ये, आमच्यासोबत नाटक पाहिलेल्या चालकाने विचारले, "मावशे, मधीच कामून वरडली?"

"मंग? बत्तीस वर्साचा घोडा झाला. एक पोरगी आवडली, तर तिलाच परत लावून देतो!"

प्रवासाच्या नोंदी मी चोख ठेवतो. या दिवसाच्या पानावर वेरूळ नाही आणि नाटकातला खुनीही नाही. त्याचे नाव मी जीपमध्ये विचारले. नऊ जणांपैकी कोणालाही ते सांगता आले नाही. सुमनचे माहेर कुठले, यावर त्यांची चर्चा चालली होती.