नानांच्या खिळ्यावरच्या चाव्या

भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली चावी कुठे दिसली, की ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो. ही साधी घरफोडी विसरलो नाही, कारण तिच्या तपासात मी एका भल्या माणसाला दुखावलं होतं.

तेव्हा मी एरंडोलच्या बाजूला एका ठाण्यात होतो. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली जप्तीच्या गंजलेल्या मोटारसायकली. आमचे जुने हवालदार सकाळी स्टेशन डायरी उघडण्याआधी लिंबाखाली चहा घेत आणि तेवढ्या वेळात अर्ध्या तालुक्याची खबर मला देत. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

लग्नसराईत एका गावातून फिर्याद आली. मुलीचं लग्न नवरदेवाच्या गावी, शिरपूरकडे होतं. घरदार, भाऊबंद, सगळे वऱ्हाडात गेले. संध्याकाळी परत आले तर कपाट रिकामं. आईच्या पाटल्या आणि नातवाचे वाळे गेले होते. पंचनाम्यात एकच गोष्ट खटकली. दाराचं कुलूप शाबूत होतं आणि चावी शेजारच्या नानांकडे ठेवलेली होती.

नाना सत्तरीचे, एकटे राहणारे. गल्लीतलं कोणीही गावाला निघालं की चावी नानांकडे, हा तिथला रिवाजच होता. त्यांच्या ओसरीतल्या भिंतीत ओळीने खिळे होते आणि त्यांवर गल्लीतल्या चाव्या. मी त्यांना ठाण्यात बोलावलं. सकाळपासून दुपारपर्यंत बसवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. गेल्या महिन्यात आणखी कोणाकोणाची घरं बंद होती, कोणी किती दिवसांसाठी चावी दिली, हे मला हवं होतं. नाना खाली बघत एवढंच म्हणाले, "साहेब, चावी मन्हाजोडे व्हती, हाई खरं शे. पन बठ्ठास्नी मन्हावर इस्वास ठेयेल शे. दुसरास्ना घरनी गोट मी कशी सांगू?"

सगळ्यांनी विश्वासाने चावी दिली, मग दुसऱ्याच्या घरची गोष्ट कशी सांगू, हे त्यांचं म्हणणं ऐकून मी चिडलो. पोलिसासमोर गप्प बसणारा माणूस काहीतरी दडवतो, असं आम्ही धरूनच चालायचो. डायरीत मी तसंच लिहिलं. पुरावा नसल्याने अटक केली नाही, पण गावाला तेवढं पुरलं. ज्या घरात नानांचं रोजचं ताक असायचं, त्या घरातल्या बाईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नानांनी खिळ्यांवरच्या सगळ्या चाव्या काढून घरोघर परत दिल्या. हवालदारांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यात पश्चात्तापाची खूण शोधत होतो. आज स्वतःचीच लाज वाटते.

पंधरा दिवसांत दुसऱ्या गावात तसाच प्रकार झाला. लग्नाचा दिवस, भरदुपार, कुलूप शाबूत. त्यानंतर एके दुपारी तिसऱ्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला आणि सगळं फिरलं. एक अनोळखी इसम तिथल्या एका बंद दाराचं कुलूप चाव्यांच्या जुडग्याने उघडत होता. घरची माणसं शेतात गेलेली. म्हातारी अक्का मागच्या परसात धान्य निवडत होती, ती आवाज ऐकून पुढे आली. मांडववाल्याचा माणूस आहे, असं काहीतरी सांगून तो मोटारसायकलवर पळाला.

मांडव कसला, असं विचारल्यावर कळलं की त्या घरच्या मुलीचं लग्न त्याच दिवशी होतं, पण भाऊबंदांत सुतक आल्याने महिनाभर पुढे गेलं होतं. गावातल्या पोराटोरालाही हे ठाऊक होतं. चोराला नव्हतं. म्हणजे तो गावातला नव्हता आणि त्याला तारीख सांगणाराही गावातला नव्हता. मी मुलीच्या आईला ओसरीवर बसवून शांतपणे एकच प्रश्न विचारला. जुनी तारीख सांगितली, पण नवी कळवली नाही, असं कोण आहे? भटजी, बँडवाला, मांडववाला, आचारी, सगळ्यांना कळवलं होतं. बोटांवर एकेक नाव मोजून ती म्हणाली, "बठ्ठास्ले सांगं, साहेब. बस्तानं दुकान तेवढं र्‍हायनं. कपडा लई येल व्हतात, मंग त्याले कसाले सांगनं?"

कपडे आधीच घरी आले होते, म्हणून दुकानाला नवी तारीख कळवली नव्हती. लग्नाच्या कपड्यांचा हा बस्ता जळगावच्या एका मोठ्या दुकानात झाला होता. आधीच्या दोन्ही घरी विचारलं. दुकान तेच.

दुकानाचे मालक प्रतिष्ठित गृहस्थ. गादीवर बसवून त्यांनी मला चहा पाजला आणि काही न दडवता कौतुकाने सगळं सांगितलं. बस्त्याला आलेल्या गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, लग्नाची तारीख, लग्न कुठे, हे लिहून घ्यायची पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची. लग्नाच्या सकाळी वधूच्या आईला दुकानाकडून साडी जायची. पद्धत गोड होती, त्यात शंका नाही. पण आता सगळं मोबाइलवर आलं होतं आणि दर आठवड्याला ती यादी मांडववाले, फोटोवाले, गाडीवाले अशा लोकांच्या ग्रुपवर टाकली जायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, गिऱ्हाइकाची सोयच होते ना."

गिऱ्हाइकाला विचारलं होतं का, असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. तो प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

त्या ग्रुपवरचा एकेक माणूस आम्ही तपासला. एक जण गाडीवाल्याकडचं काम केव्हाच सोडून गेला होता, पण त्याला ग्रुपमधून काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. घर कधी रिकामं, किती वेळ रिकामं, हे त्याला घरबसल्या कळत होतं. धुळ्यात त्याला ताब्यात घेतलं. अक्कांनी त्याला ओळखलं. पहिल्या तासात त्याने उडवाउडवी केली, पण यादी आणि चुकलेली तारीख समोर ठेवल्यावर कबूल झाला. पाटल्या आणि वाळे मुद्देमालात जमा झाले. मालकांवर लावायला तेव्हा मला धड कलम सापडलं नाही. ते साक्षीदार म्हणून आले, सही करून गेले. आता त्यासाठी कायदा झाला आहे, चांगलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या गावी गेलो. पोलीस पाटलांना सांगून गल्लीतली माणसं गोळा केली आणि सगळ्यांसमोर नानांची माफी मागितली. पाटल्यावाली बाई पदर डोळ्याला लावून उभी होती. मी नानांना म्हणालो, त्या दिवशी नावं सांगितली असती तर एवढं सोसावं लागलं नसतं. नाना म्हणाले, "तुम्ही इचारं, ते तुम्हनं काम व्हतं. मी नही सांगं, ते मन्हं काम व्हतं."

ज्याने लोकांच्या घरची गोष्ट जपली त्याला मी दोन दिवस बाकड्यावर बसवलं, आणि ज्याने ती वाटली त्याच्याकडे गादीवर बसून चहा प्यायलो. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. हल्ली कुठल्याही दुकानात रुमाल घेतला तरी फोन नंबर आणि जन्मतारीख विचारतात. मी विचारतो, कशाला? काउंटरवरची मुलगी हसते. माझ्या मुलीच्या बस्त्यालाही मी तारीख सांगितली नाही. त्यामुळे भेटीची साडी हुकली, ते ऐकवायची एकही संधी आमच्या सौभाग्यवती सोडत नाहीत.

नानांनी मात्र चाव्या ठेवणं बंद केलं ते केलंच. लोक विनवायला गेले, त्यांनी हात जोडले. पुढे माझ्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही सगळे धुळ्याला निघालो, त्या सकाळी मी सरकारी क्वार्टरला कुलूप लावलं, वाट वाकडी करून नानांच्या ओसरीत गेलो आणि चावी त्यांच्यापुढे धरली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. नानांनी चावी हातात घेतली. मग उठले आणि रिकाम्या ओळीतल्या पहिल्या खिळ्याला ती टांगली. कुठे चाललात, किती दिवसांनी येणार, एवढंही त्यांनी मला विचारलं नाही.