उतरवल्याचे पैसे

चाकणला भाड्याच्या शेडमध्ये आम्हा नवराबायकोचं छोटं वर्कशॉप आहे. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून आम्ही कर्ज काढून संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशीन घेतलं. ते ट्रेलरवरून आलं त्या सकाळी फाटकासमोर एक पांढरी गाडी आडवी उभी होती. गाडीतून गावातला एक तरुण पुढारी उतरला, मागे त्याची पोरं.

"माल आमी उतरवणार."

मशीन हातानं हलणारं नव्हतंच. त्यासाठी क्रेन मागवलीय, असं मी सांगितलं.

"मग क्रेननं उतरवा की. आमचे पैसे तेवढे द्या."

"कशाचे?"

"उतरवल्याचे."

"तुम्ही हात तरी लावणार आहात का?" बायकोनं विचारलं.

"वहिनी, तुमी आत बसा."

ती हलली नाही. पोरं तिच्याभोवती सरकली. क्रेनवाल्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं. मी शेडमालकाला बोलावलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "माज्या भावकीतलाच हाय. मला काय बोलता येत न्हाई."

दुपारी ट्रेलरवाला परत निघायची भाषा करू लागला. तेव्हा पुढाऱ्यानं मुद्द्याला हात घातला. "ऱ्हाऊ द्या पैसे. तुमचे कामगार आमच्या ठेकेदारीत द्या. पगार आमच्या हातनं व्हईल."

आमच्या दोन कामगारांपैकी जुना ऑपरेटर बीडचा. तो दारातच उभा होता. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं.

"घ्या उतरवून, ताई," तो म्हणाला. "ऑर्डर गेली तर खायचं काय?"

क्रेननं मशीन अलगद आत ठेवलं. पोरं सावलीत मोबाईल बघत बसली होती.

पुढारी आता आमचा ठेकेदार झाला आणि त्या महिन्यापासून ऑपरेटरच्या पगारातून त्याचा वाटा कापला जाऊ लागला. आम्ही त्याला वरून कमिशन देत होतो ते वेगळंच, त्यामुळे ठरवलेली पगारवाढ राहिलीच. दुसरा कामगार वैतागून भोसरीला गेला. त्याच्या जागी ठेकेदारानं आपला भाचा पाठवला. त्याला माप घेता येत नव्हतं आणि काढून टाकायची आमची हिंमत नव्हती. माल परत येऊ लागला. पुढची ऑर्डर आम्हीच नाकारली.

वर्षभरानं ऑपरेटरनं नोकरी सोडली आणि काळेवाडीत जिन्याखालच्या खोलीत स्वतःचं जुनं लेथ मशीन टाकलं. बारीकसारीक काम आता आम्ही त्याच्याकडेच पाठवतो. त्याचे पैसे पूर्ण त्याच्या हातात पडतात. नवं मशीन मात्र निम्मा दिवस बंदच असतं. हप्ते चालू आहेत.