आजेसासूपासूनचं विरजण

माझा स्वभाव तापट आणि हात घाईचा. तव्यावर भाकरी टाकली, की एक पाय अंगणात. सासूबाई म्हणायच्या, "हिचं चित्त घरात कवाच न्हाई." त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

त्या दुष्काळात सहकारी कारखान्यानं आपल्या आवारात जनावरांची छावणी उघडली आणि गल्लीतली सगळी गुरं तिकडे गेली. आमच्या म्हशीबरोबर आत्याबाई निघाल्या, कारण ती दुसऱ्या कुणाला धार काढू देत नसे. जाताना त्यांनी ना पिठाचं सांगितलं, ना पाण्याचं. दह्याची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मी येईस्तवर इरजण मरू देऊ नको. तुज्या आजेसासूपासून चालू हाय."

मला हसू आलं आणि रागही आला. तोंड धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं दारातल्या लिंबाला, अशी आमची तऱ्हा, आणि ह्यांना काळजी दह्याची.

म्हशीचं दूध छावणीतूनच डेअरीला जाई. त्यातलं पेलाभर घेऊन आमचे हे एक दिवसाआड संध्याकाळी सायकलवर येत. ते मी तापवायचं, निवू द्यायचं, मग करंगळी बुडवून बघायची. चटका बसला तर थांबायचं, गार लागलं तर उशीर झाला. सुरुवातीला मी चरफडत बसायचे. पुढे काय झालं कोण जाणे, तेवढा वेळ मला आवडायला लागला. विझत्या चुलीतला बारीक तडतड आवाज ऐकू यायचा, दुधावरची साय सुरकुतताना दिसायची. टँकर कधी येणार, आभाळ कधी भरणार, हे सगळं तेवढ्यापुरतं डोक्यातून जायचं. इतकी स्वस्थ मी माहेरीसुद्धा कधी बसले नव्हते.

एका संध्याकाळी दूध नुकतंच उतरवलं होतं आणि टँकरचा हॉर्न वाजला. गल्ली हंडे घेऊन पळाली. मी वाटीतलं सगळं विरजण त्या कढत दुधात ओतलं आणि घागर उचलली. चमचाभर मागं ठेवायची रीत, तीही विसरले. सकाळी पातेल्यात दूध फाटलेलं.

दारोदार फिरले. आमच्याच घरून ज्यांना विरजण गेलेलं, त्यांच्याही वाट्या पालथ्या. गुरं छावणीत, तर दही कुठलं? शेजारीण म्हणाली, "मिरचीच्या देठानं लागतंय की दही." लागतं, पण आजेसासूचं ते कसं होणार? मी चुलीपाशी बसून रडले. पाण्यासाठी त्या साली एकदाही रडले नव्हते.

ह्यांच्याबरोबर निरोप धाडला, घडलं तसा. पुढच्या फेरीला दुधाच्या डब्यावर फडक्यात बांधलेली एक वाटी आली. आत्याबाईंनी निघतानाच थोडं विरजण सोबत नेलं होतं.

"म्हणजे माझा भरवसा नव्हताच," मी फणकारले.

"तसं न्हाई," हे म्हणाले. "आईला दह्याबिगर जेवण जात न्हाई. आता तर तिनं छावणीतल्या समद्या बायांना इरजण वाटलंय. ती म्हणली, तिला सांग, रडू नको. एका घरी मेलं म्हणून ते मरत न्हाई. फकस्त बोट दुधात आसताना चित्त भायेर जाऊ देऊ नको."

लगेच दूध तापवलं, निवत ठेवलं. करंगळी बुडवली आणि नेमका हॉर्न वाजला. शेजारीण हंडा घेऊन दारातून ओरडली, "अगं चल की, बसलीस काय?"

मी उठले नाही. दूध कोमट होऊ दिलं. चमचाभर विरजण वाटीत मागं ठेवलं, बाकीचं दुधात कालवलं, वर झाकण घातलं. मग घागर घेऊन गेले, तेव्हा टँकर वेशीबाहेर पडत होता आणि रस्त्यावर नुसता ओलावा उरला होता.

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं आणि आपल्या हंड्यातलं पाणी माझ्या घागरीत ओतलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं. पहिली वाटी मी तिच्या घरी पोचवली.