बरगंडीच्या वाटेवरचं कुत्रं

वृंदा केळकरला कशाचीही किळस यायची. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या तिच्या घरून पाहुणे गेले की दाराच्या मुठीवरून आधी ओलं फडकं फिरायचं. मेट्रोनं झुइडओस्टच्या ऑफिसला जाताना ती खांबाला हात म्हणून लावायची नाही. नवरा सिद्धार्थ म्हणायचा, "बरं झालं तू सॉफ्टवेअर तपासतेस. डॉक्टर झाली असतीस तर पेशंटला दारातूनच गोळ्या फेकल्या असत्यास."

शर्मिला ही तिची या देशातली पहिली मैत्रीण. वृंदा नवखी होती तेव्हा शर्मिलानंच तिला सायकल शिकवली, हेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत सोबत नेलं. त्यामुळे तिच्या खूप गोष्टी वृंदा पोटात घालत आली होती. यंदा जुलैत सिद्धार्थ मुलीला घेऊन डोंबिवलीला गेला, तेव्हा शर्मिला म्हणाली, "चल, चार दिवस फ्रान्समधलं बरगंडी करून येऊ. गाडी मी चालवते, तू नुसती बस."

पहिल्या दिवसापासून वृंदाला मळमळत होतं. ऊन असं की शर्मिलानं हौसेनं घेतलेलं चीज डिकीत वितळलं आणि गाडीभर ओल्या मोज्यांचा वास भरला. उतरल्या होत्या त्या घरी बेसिनमध्ये कुणाचे तरी केस. जेवायला बसलं की ताटाभोवती गोठ्यातल्या माश्या. पण त्याहून शिसारी येत होती शर्मिलाच्या तोंडाची. दिसेल त्याच्यासमोर ती फोन धरायची आणि हसतहसत मराठीत बोलायची, "बघ गं, या म्हातारीचे दात बघ, खराट्यासारखे." म्हातारीला वाटायचं, कौतुकच चाललंय. ती आणखी हसायची. वृंदा मान खाली घालायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी द्राक्षमळ्यांमधल्या अरुंद रस्त्यानं त्या चालल्या होत्या. शर्मिलाचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. धप्प आवाज झाला. वृंदानं मागे वळून पाहिलं. रस्त्यावर तपकिरी काहीतरी वळवळत होतं.

"ससाबिसा असेल," शर्मिला म्हणाली. गाडीचा वेग तिनं तसूभरही कमी केला नाही.

"कुत्रं आहे. गळ्यात पट्टा आहे. थांब."

"वेडी आहेस का? पोलीस, इन्शुरन्स, कोण निस्तरणार? लीजची गाडी आहे ही."

वृंदानं सीटबेल्ट सोडला आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. शर्मिला किंचाळली, ब्रेक कचकन लागला.

कुत्रं म्हातारं होतं. मागचा पाय भलतीकडेच वळला होता. रक्त, विष्ठा, कानांत गोचिडी फुगून बसलेल्या. वृंदाला भडाभडा ओकारी झाली. तोंड पुसून तिनं गळ्यातला स्टोल काढला, त्यात ते कुत्रं गुंडाळलं आणि उचललं. त्याचं ऊन ऊन रक्त तिच्या कुडत्यात झिरपायला लागलं.

शर्मिला गाडी मागे घेत आली. काच बोटभर खाली करून म्हणाली, "गाडीत नको हं आणू. सीट्स फिकट आहेत."

हीच ती, जिच्या खांद्यावर आपण किती वेळा डोकं टेकवलं! या विचारानं वृंदाला आलेली किळस ओकून जाण्यातली नव्हती. टेकाडावर एक शेतघर दिसत होतं. ती चालत निघाली. मागून काचा लावून गाडी सरपटत आली.

रबरी बूट घातलेली एक म्हातारी धावत बाहेर आली. "बिजू! बिजू!" करत तिनं कुत्रं छातीशी घेतलं आणि आत जाऊन फोन लावला. बाहेर आली तेव्हा शर्मिला गाडीतून उतरून पुढे झाली आणि क्लासमध्ये शिकलेल्या फ्रेंचमध्ये गोड हसून काहीबाही बोलली. म्हातारीनं एकदम वृंदाचे दोन्ही हात धरले आणि रडतरडत तिच्या गालांचे मुके घेतले.

"काय सांगितलंस तू तिला?"

"कुणीतरी उडवून पळालं, आम्ही उचलून आणलं. बघ ना, किती खूश आहे!"

म्हातारीनं सरबताचे पेले आणले. शर्मिलानं एक उचलून घोट घेतला. वृंदाला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. तिनं म्हातारीचं मनगट धरलं, तिला गाडीपाशी नेलं आणि बोट दाखवलं. दिव्याखालच्या फटीत तपकिरी केसांचा पुंजका रक्तानं चिकटलेला होता.

म्हातारीनं वाकून पुंजका पाहिला. मग तिनं शर्मिलाच्या हातातला पेला काढून घेतला, सरबत मातीत ओतलं आणि रस्त्याकडे हात केला. एक शब्द बोलली. त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. आत जाऊन तिनं दार लावलं.

"बसतेस का? नाहीतर मी निघाले," शर्मिला दातओठ खात म्हणाली.

"बॅग तेवढी काढून दे."

वृंदा पायरीवर बसून राहिली. जनावरांचा डॉक्टर आला, आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. त्याला इंग्रजी येत होतं. "पाय काढावा लागेल. जगेल," तो म्हणाला. गाडी कुणाची होती, ते वृंदानं त्याला सांगितलं. त्यानं तिला जवळच्या स्टेशनवर सोडलं.

ती घरी पोचायच्या आतच तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडला होता: रक्तानं माखलेली वृंदा कुत्रं घेऊन चाललीय. काचेआडून काढलेला. खाली शर्मिलानं लिहिलं होतं, "फ्रान्समध्ये आम्ही एक जीव वाचवला. प्राउड!" त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. वृंदानं लिहिलं, "कुत्रं आमच्याच गाडीनं उडवलं. शर्मिला चालवत होती आणि थांबायला तयार नव्हती."

चित्रं यायची थांबली. मग मंडळातल्या वासुदेवकाकांनी लिहिलं, "असे विषय वैयक्तिक बोलावेत." आणि मंडळातल्याच वीणानं गणपतीच्या ढोलाच्या तालमीची वेळ टाकली.

रात्री शर्मिलाचा फोन आला. "एका कुत्र्यापायी चारचौघांत माझी लाज काढलीस?"

"तू त्या बाईचं सरबत प्यायलीस, शर्मिला," वृंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

मंडळाच्या गणपतीला वृंदा गेली. शर्मिला आरतीचं तबक घेऊन पुढेच होती आणि दोघीतिघी तिच्याशी हसून बोलत होत्या. वृंदानं नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि कुणाशी न बोलता बाहेर पडली.