सात वारांचे सात कप्पे

एखादी गोष्ट जगात एकच असावी, हे आमच्या ऑफिसातल्या भाऊंना सहनच होत नसे. भाऊ मूळचे वाशीमकडचे. आमचा कॉम्प्युटर सांभाळायला पौडला येऊन राहिलेले. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या, खोलीची एक किल्ली कमरेला, एक माझ्याकडे आणि एक थेट कासार आंबोलीच्या दूधवाल्याकडे. बायकोला पत्र लिहायचं तेही कार्बन घालून. "हसता काहून? पोस्टात हरवलं तर काय लिहिलं होतं ते मले तरी आठवलं पाहिजे ना!" चहासुद्धा दोन कप सांगत, एक सांडला तर, म्हणून.

आमची संस्था धरणाकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायची. ते सगळे आवाज एकाच कॉम्प्युटरवर आहेत, या विचाराने भाऊंना घास गोड लागेना. दोन हजार चारच्या सुमारास त्यांनी भांडून दुसरा कॉम्प्युटर मिळवला आणि त्यात सात वारांचे सात कप्पे केले. रोज संध्याकाळी सहाला मशीन आपोआप सगळ्या आवाजांची नक्कल त्या वाराच्या कप्प्यात ठेवी. सोमवार आला की मागचा सोमवार पुसून नवा. पहिल्या दिवशी भाऊंनी पेढे वाटले, अर्थात प्रत्येकी दोन. "माणूस इसरते, मशीन इसरत नाही," म्हणाले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दहा दिवसांची रजा घेऊन निर्धास्त गावी गेले.

ते गेले त्याच दुपारी वीज चारपाच वेळा गेली-आली आणि एका आजींची फाईल बिघडली. वर नाव तसंच, आत आवाज नाही. आम्हाला कुणालाच कळलं नाही. मशीनने मात्र ती मुकी फाईल सात दिवस इमानेइतबारे एकेका कप्प्यात नेऊन ठेवली आणि तिथली चांगली पुसली.

भाऊ परतले आणि सवयीने एकेक फाईल ऐकून बघताना ती मुकी सापडली. सोमवार उघडला, मंगळवार उघडला. रविवारपर्यंत सगळीकडे तीच मुकी फाईल. मूळ कॅसेटवर आम्ही केव्हाच दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं भरलं होतं. आजी पाण्याखाली गेलेल्या गावातल्या. तिथल्या शेतान् शेताचं नाव त्यांनी सांगितलं होतं. आणि मागच्या दिवाळीनंतर त्या वारल्या होत्या.

भाऊंना कुणी बोललं नाही. तरी म्हणाले, "सांगाले गेलं पाहिजे."

माझ्या स्कूटरवरून आम्ही डोंगरातल्या वस्तीवर गेलो. आजींची साठीतली सून तांदूळ पाखडत होती. भाऊंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "चूक माही आहे, बाई."

सूप थांबलं. "म्हंजी म्हातारीचा आवाज गेला म्हना की." मग ते खाली ठेवून म्हणाली, "मला चारच नावं ठावं हायेत. लिवा. थोरली दांड. येळूची पट्टी. आंब्याचं टेपाड. कोंडीवरचं खाचर."

"अजून?"

"न्हाई. म्हातारी सांगायची तवा आमी कामात. कोन ऐकतंय?"

येताना धरणाच्या काठाला भाऊंनी स्कूटर थांबवायला सांगितली. पाणी दूरवर पसरलं होतं.

"यात थोरली दांड कुठी असन हो?"

मला तरी कुठं ठाऊक? मी उगाच पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. भाऊ तिकडे बघत राहिले. मीही.