गाठ नेमकी कुठं होती?

कुंदा गेल्याचं मला बदलापूरच्या बाजारात, कोलंबी निवडताना कळलं. तिच्या लॅबमधल्या शर्मिलाचा फोन होता. "काकू, मॅडम गेल्या... झोपेतच." कोलंबी तशीच टाकून मी बाजूच्या ओट्यावर बसले. अंबरनाथच्या शाळेत एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण, डॉक्टर कुंदा, जन्मभर लोकांच्या गाठींचं निदान करत राहिली आणि स्वतः मात्र कुणाला नाडीही न दाखवता निघून गेली. मला तिचा रागच आला. अजून तो पुरता गेलेला नाही.

तिची लॅब उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनांची घरघर आणि वर माडीवर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली कुंदा. ऑपरेशन करून काढलेला तुकडा बाटलीतून आला की हिचा पहिला प्रश्न ठरलेला, शरीरावर नेमका कुठला? उत्तर मिळेपर्यंत ती बाटलीला हात लावत नसे. डॉक्टरमंडळी वैतागायची. "अरे, शेअर रिक्षावालासुद्धा कुठं जायचं ते विचारून बसवतो," असं ती त्यांना ऐकवायची. आमच्याकडच्या बायकांच्या अंगात कंबर असते, मांडी असते, मधला मुलूख मात्र नकाशातच नसतो. लॅबमध्ये तपासायला येऊन त्या कुजबुजायला लागल्या की कुंदा पडदा ओढायची आणि म्हणायची, "शरम बाहर रखो, चप्पल के साथ. किधर है, बोलो."

माझ्यावर हीच वेळ आली. कित्येक महिने मी एक वाटाण्याएवढी गाठ अंगावर काढली होती. शेवटी इथल्याच एका नर्सिंग होममध्ये ती काढली. तिथल्या सिस्टरनं बिचारीनं माझी लाज राखायची म्हणून बाटलीवर 'जांघेतली गाठ' असं लिहून ती दुसऱ्याच एका लॅबमध्ये पाठवून दिली. रिपोर्टमध्ये आलं की या गाठीत स्तनासारख्या ग्रंथी आहेत, स्तनाचा कॅन्सर जांघेपर्यंत पसरला असण्याची शंका आहे. छातीच्या तपासण्यांत काही सापडेना, तरी मोठ्या ऑपरेशनची भाषा सुरू झाली. ह्यांनी जेवण सोडलं. मी रात्रंदिवस मुलीच्या लग्नाचा विचार करत होते... ते बघायला मी असेन की नाही, एवढाच.

स्लाइड्स घेऊन कुंदाकडे गेले. तिनं एक नजर टाकली आणि मान वर न करताच विचारलं, "गाठ नेमकी कुठं होती?"

"जांघेत."

"मीने, जांघ मला माहितीये. बोट ठेवून दाखव."

पडद्याआड मी दाखवलं. गाठ योनीच्या बाहेरच्या ओठालगत होती. कुंदा खुर्चीत मागे रेलली आणि चक्क हसली. तिथल्या कातडीत स्तनासारख्या रचनेच्या बारीक ग्रंथी मुळातच असतात, ती सांगू लागली, त्या कुठून पसरून आलेल्या नसतात. कधीतरी त्यांतल्या एखादीची गाठ होते. आत इतकी दाटीवाटी दिसते की बघणाराही घाबरतो, आणि जागाच चुकीची कळवली तर त्याचा तरी काय दोष? पण लगेच निर्वाळा देऊन मोकळी होणाऱ्यांतली ती नव्हती. क्वचित तिथं कॅन्सरही होतो, म्हणून त्या लॅबमधून उरलेला तुकडा मागवून तिनं नव्यानं काप घेतले, वेगळा रंग चढवला. मग दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपपुढे मला बसवलं. जांभळट जाळीत पेशींच्या दोन ओळी होत्या, एकीला लागून दुसरी. "ही बाहेरची ओळ बघ, कुठंही तुटलेली नाही. निरुपद्रवी आहे, आणि पूर्ण निघालीय. जा, लग्नाची खरेदी कर." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, काचेवर नाक गाळू नकोस.

लग्नात तिनं तीन वेळा जिलेबी मागून घेतली.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. कुंदाचे दीर हळूच म्हणाले, वहिनींनी तुमच्या आजारपणात मदत केली एवढंच बोला. मी उभी राहिले आणि गाठ कुठं होती ते नाव घेऊन सांगितलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. खरं सांगते, मला अजिबात लाज वाटली नाही, उलट कुंदाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी नीट बोलल्यासारखं वाटलं.

बाहेर चपला शोधत होते, तेव्हा एक बाई दंडाला धरून थांबली. शहाडजवळच्या गावातली, कुंदाच्या घरी भाजी द्यायची ती.

"ताई, मना पन हाय... खाली."

"खाली म्हणजे नेमकी कुठं?" मी विचारलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. पदर तोंडाशी नेला, मग खाली सोडला आणि सांगितलं.

उद्या सकाळी शहाड स्टेशनबाहेर थांब, म्हटलं, डॉक्टरकडे दोघी जाऊ.