सहा वाजेपर्यंत मावशी

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, आमची आई तुला मावशी का म्हणते? तू तर तिची आई आहेस ना?" मागून तुमच्या आईचा आवाज आला, "अरे, लहानपणची सवय आहे ती," आणि बोलणं हवापाण्यावर गेलं. सवय आहे हे खरं. ती लागली कशी, हे तिने तुम्हांला सांगितलेलं नाही आणि सांगेल असं मला वाटत नाही. म्हणून मी लिहिते. मला सगळं क्रमाने सांगायची खोड आहे, ती सहन करा.

तुमचे आजोबा रेल्वेत होते आणि आम्ही कर्जतला भाड्याच्या घरात राहत होतो. पुढे ओटा, मग एक लांब खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. तुमची आई चार वर्षांची होती. शेजारच्या शिक्षिकेने आपली तान्ही मुलगी महिनाभर सांभाळाल का म्हणून विचारलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजची दोन वर्षं केलेली, आणि दिवसभर घरात बसून तांदूळ निवडणारी. मी हो म्हटलं. त्या एकीवरून पुढे माझ्याकडे आठ मुलं येऊ लागली. पाळणाघर हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी वापरत नसे. "त्या बाईंकडे ठेवतो," एवढंच लोक म्हणत.

मी ते घर शिस्तीने चालवलं. भिंतीवर पुठ्ठ्याचं टाइमटेबल होतं. लांब खोलीत ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक कापडी पिशवी, आणि पिशवीवर मी टाक्यांनी काढलेलं चित्र: मासा, छत्री, कंदील, भोपळा. ज्या मुलाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्यालाही आपला मासा बरोबर सापडतो. तुमच्या आईलाही मी एक खुंटी दिली होती. तिच्या पिशवीवर चिमणी होती. घरच्या मुलीचं वेगळं काही दिसू नये, हा माझा हेतू. मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

मुलांनी मला कधी दमवलं नाही. पावसाळ्यात लंगोट वाळत नसत. शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून त्यावर ते पसरायचे, आणि घरभर धूर व्हायचा. त्याचंही काही वाटत नसे. दमवलं ते आईबापांनी. ती शिक्षिका संध्याकाळी आली की आधी मुलीचं डोकं हुंगायची, तिने दिलेलंच तेल लावलं की नाही ते बघायला. खोपोलीच्या गिरणीतला एक बाप रात्रपाळी करून मुलाला सायकलवर घेऊन यायचा आणि "वहिनी, जरा टेकतो" म्हणत ओट्यावरच झोपी जायचा. मुलं त्याच्या पोटावर बसून गाडी गाडी खेळायची. दुसरी एक आई, आपलं मूल जेवताना कुणाशेजारी बसवायचं नाही, ते रोज बजावून जाई. मी तिला सांगितलं, "इथे पानं खुंटीच्या क्रमाने मांडतात, जातीच्या नाही." ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मूल मात्र पाठवत राहिली. दुसरीकडे सोय नव्हती.

आता कंदिलाच्या पिशवीचा मुलगा. त्याची आई खालापूरला सरकारी कचेरीत कारकून होती. सकाळच्या एस.टी.ने जायची, संध्याकाळी साडेपाचनंतर यायची. बाप रसायनीच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगा सव्वा वर्षाचा झाला तेव्हा तुमच्या आईचं ऐकून ऐकून मला आई म्हणू लागला. आम्ही सगळे हसलो. मग एका संध्याकाळी त्याच्या आईने दारातून हात पुढे केले, तर त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि "आई, आई" करत माझा पदर मुठीत धरला.

तिने हात मागे घेतले. मग म्हणाली, "वहिनी, मी ह्याला तुमच्याकडे सांभाळायला ठेवते. देऊन टाकलेला नाही." आणि ओट्याच्या पायरीवर बसून, पर्स मांडीवर घेऊन, रडली.

पुढच्या रविवारी तिची सासू पोशीरहून आली. पदरात माझ्यासाठी वालाच्या शेंगा होत्या. त्या माझ्या सुपात ओतल्या आणि मग तिने तोंड उघडलं.

"बाय, तुमी लय चांगल्या, आमी नाय म्हनत नाय. पन पोराला आय कोन तीच कळंना झालंय. सांजचा घरी आला का दाराकडं बघून रडतो. आमची सून काय टेंपो हाय, नुसती ने-आन करायला?"

"लहान आहे तो. कळेल हळूहळू."

"दिवाळीपतोर बघनार मी. मग नोकरी सोड म्हनलंय तिला. पोरापरीस नोकरी मोठी हाय का गं?"

ती सून तिच्या माहेरची पहिली मॅट्रिक झालेली मुलगी होती. तिची नोकरी माझ्या घरातल्या एका हाकेपायी जाणार, हे मला सहन होईना. मी विचार केला, मुलगा हा शब्द उचलतो कुठून? घरात मला आई म्हणणारं एकच माणूस होतं.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या आईला समोर बसवलं. "उद्यापासून मुलं आली की मला मावशी म्हणायचं. सगळ्यांसारखं."

"किती वेळ?"

"सहा वाजेपर्यंत. सगळी घरी गेली की मग आई."

"सहा म्हणजे कसे?"

मी तिला घड्याळ दाखवलं. मोठा काटा वर, छोटा काटा खाली, दोघं सरळ रेषेत. घड्याळातली तेवढी एकच वेळ तिला वाचता येऊ लागली.

यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, आणि त्याचं कारणही सांगते. माझ्या माहेरी मोठं कुटुंब होतं. चुलत भावंडं माझ्या आईला काकी म्हणत, म्हणून आम्ही तिची सख्खी मुलंही काकीच म्हणायचो. आमच्या काळात घरोघरी असंच होतं. कुणी आईला वहिनी म्हणे, कुणी ताई. त्याने माया कमी झाली असं कुणी म्हटलं नाही. पण काकी ही हाक आमच्या तोंडात आपोआप आली होती. आई म्हणायला आम्हांला कुणी मनाई केली नव्हती. हा फरक एवढं शिकूनही माझ्या ध्यानात आला नाही.

आजोबा हसून म्हणाले होते, "आमच्या रेल्वेतसुद्धा इतकी कडक ड्यूटी नसते गं." मीही हसले.

सुरुवातीला तो खेळच झाला. शेवटचं मूल गेलं की मी दाराची कडी लावायची. कडीचा आवाज झाला की तुमची आई जिथे असेल तिथून धावत यायची आणि माझ्या पायांना मिठी मारून एका दमात "आई आई आई आई" म्हणत सुटायची, श्वास संपेपर्यंत. दिवसभराचं साठलेलं. मी तिला उचलून घेत असे. ते दोनतीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

श्रावण लागला. परसातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. त्या दिवशी खालापूरची बाई आली आणि आल्या आल्या मुलाच्या दंडावरचा व्रण बघून संतापली. "हे दात कुणाचे, वहिनी? मी ऑफिसात बसते म्हणून माझ्या पोराला कुणी चावायचं?" भोपळ्याच्या पिशवीवाल्याने चावलं होतं. मी तिला समजावत होते. मुलगा तिच्या कडेवर होता. एवढ्यात मागच्या दारातून तुमची आई धावत आली. पायरीवरून पडून तिचं कपाळ फुटलं होतं, आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. ती ओरडली, "आई!"

कडेवरच्या मुलाने लगेच माझ्याकडे हात पसरले. "आई!"

मला त्याच्या आईचा चेहरा दिसला. पोशीरची म्हातारी आणि दिवाळी आठवली. आणि मी, बाळांनो, बोट वर केलं आणि रक्ताने माखलेल्या माझ्या मुलीला विचारलं, "काय म्हणायचं?"

तिचं रडणं अर्ध्या श्वासात थांबलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आणि अगदी हळू, शाळेत पाठ म्हणतात तसं म्हणाली, "मावशी, मला लागलंय."

खालापूरच्या बाईने मुलाला खाली ठेवलं. आपला रुमाल माझ्या मुलीच्या कपाळावर दाबून धरला आणि मला म्हणाली, "अहो वहिनी, म्हणू द्या की हो तिला!"

मी काय उत्तर दिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "आता वीसच मिनिटं राहिलीत."

मी तिला मांडीवर घेतलं, हळद भरली, पट्टी बांधली. सगळं नीट केलं. ती रडली नाही. सहाला शेवटचं मूल गेलं आणि मी कडी लावली. कुणी धावत आलं नाही. ती आपल्या खुंटीखाली बसून चिमणीच्या पिशवीची घडी घालत होती.

"सहा वाजले गं," मी म्हटलं.

"हो मावशी."

चार दिवसांत रुसवा जाईल असं मी धरून चालले. आठवडा गेला. मग मीच नियम मोडला. तिला जवळ घेऊन सांगितलं, "आजपासून तू मला केव्हाही आई म्हण. मुलं असली तरी."

ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "नको मावशी. मग तो पण म्हणेल."

तो म्हणाला नाही. दिवाळीपर्यंत त्याला आपली आई नीट कळली. एस.टी.चा हॉर्न ऐकला की तो दाराशी जाऊन उभा राहायचा आणि ती दिसली की "आई" म्हणून झेप घ्यायचा. पोशीरची म्हातारी गप्प बसली, सुनेची नोकरी टिकली. दोन वर्षांनी तिची अलिबागला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला आली होती. मुलगा मला नमस्कार करून म्हणाला, "येतो मावशी." तिने माझा हात धरला, आणि तिची नजर तुमच्या आईच्या कपाळावरच्या व्रणाकडे गेली.  मी कंदिलाची पिशवी धुऊन, घडी करून त्याच्याबरोबर दिली.

बाहेरच्यांना यात काही खटकलं नाही. घरोघरी मुलं आईला काहीबाही म्हणतच होती. आमच्या दोघींतलं आम्हांलाच माहीत होतं.

तुमची आई सातवीत गेली तेव्हा मी मुलं घेणं बंद केलं. भिंतीतून शेवटची खुंटी उपटली आणि तिला म्हटलं, "आता मी कुणाची मावशी नाही."

ती गणितं करत होती. मान वर करून तिने विचारलं, "मग काय म्हणू?" त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"आई म्हण."

तिने प्रयत्न केला. मी पाहिलं, तिचे ओठ उघडले. मग तिचे डोळे भरले. "मावशी, मला नाही गं जमत. खोटं खोटं वाटतं."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि भिंतीतलं भोक चुन्याने बुजवायला गेले.

तिने माझी कधी हेळसांड केली नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा. शिकली, नोकरीला लागली, लग्न करून तिकडे गेली, दर रविवारी न चुकता फोन करते. थोरल्या, तुझ्या वेळेला ती बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. तू अडीच महिन्यांचा होतास. तिला परत जाऊन कामावर रुजू व्हायचं होतं, आणि तुला तिकडे एका बाईंकडे ठेवायचं ठरलं होतं. दुपारी मी तुला झोळीत झोके देत होते आणि ती तुझी झबली बॅगेत भरत होती. अचानक म्हणाली, "मावशी, हा उद्या त्या बाईला आई म्हणाला तर?"

मी म्हटलं, "म्हणू दे. तू फक्त संध्याकाळी वेळेवर जा."

तिने हातातलं झबलं खाली ठेवलं. कपाळावरचा व्रण बोटाने चोळला, ती विचारात असली की चोळते तसा. वाटलं, आता काही बोलेल. मी झोळीची दोरी थांबवून वाट पाहिली. ती म्हणाली, "झोके दे ना मावशी, जागा होईल तो."

मी झोके दिले.

तेव्हा बाळांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. एक विनंती आहे. हे वाचून तुम्ही प्रेमाने तिच्या मागे लागाल, की आजीला आई म्हण. तसं करू नका. मी सांगून पाहिलेलं आहे. काय म्हणायचं ते मी तिला एकदा सांगितलं, तिथेच आई ही हाक गेली. रविवारी फोनवर ती मावशी म्हणाली की मी ओ देते.